जळगाव अखंड राहू द्या : पायथॉनच्या स्टीअरिंग कौन्सिलला खुले पत्र

प्रति,
पायथॉन स्टीअरिंग कौन्सिलचे सदस्य आणि कोर डेव्हलपर

स. न. वि. वि.

जळगाव जिल्ह्यात १५ तालुके, धुळ्यात ४ आणि नंदुरबारात ६. खान्देशच्या या २५ तालुक्यांची नावे देवनागरीत लिहून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘आरई’ मॉड्यूलला, म्हणजे मजकुरात पॅटर्नप्रमाणे शोध घेणाऱ्या तिच्या रेग्युलर एक्स्प्रेशन इंजिनाला द्या आणि ‘\डब्ल्यू+’ या पॅटर्नने शब्द वेगळे काढायला सांगा. (या पत्रात खुणांची नावेही देवनागरीतच लिहिली आहेत.) २५ पैकी एकही नाव अखंड बाहेर येत नाही. जळगावचे ‘जळग’ आणि ‘व’ असे दोन तुकडे होतात, धुळ्याचे ‘ध’ आणि ‘ळ’. नंदुरबारचे चार होतात: ‘न’, ‘द’, ‘रब’, ‘र’. रावेर, पाचोरा, साक्री यांची तर सुटी व्यंजने तेवढी उरतात. बाजार समितीच्या मालाच्या यादीवर हाच पॅटर्न चालवला तर उडद शाबूत राहतो, कारण त्यात काना-मात्रा काहीच नाही. तूर, मका, गहू, कापूस, केळी यांतले काहीच टिकत नाही.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. पण मराठी वाचकांसाठी ते इथे मांडतो. ‘आरई’च्या लेखी ‘\डब्ल्यू’ म्हणजे पायथॉनची ‘इसॲलनम’ ही तपासणी ज्याला हो म्हणते ते चिन्ह, आणि अंडरस्कोर. ही तपासणी युनिकोडमधली, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकातली, अक्षरे आणि अंक स्वीकारते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि व्यंजनाचा पाय मोडणारी खूण यांना युनिकोड ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात ठेवते, म्हणून त्या बाहेर पडतात. युनिकोडचे स्वतःचे तांत्रिक मानक क्रमांक १८ मात्र स्पष्ट सांगते की शब्दातल्या चिन्हांत अक्षरे, अंक आणि अंडरस्कोरच्या जातीची चिन्हे यांच्याबरोबर सगळे मार्क आणि जोडणी नियंत्रित करणारी दोन अदृश्य चिन्हेही धरावीत. पर्ल आणि रस्टची रेजेक्स लायब्ररी हे पाळतात. पायथॉनमधली ही उणीव २०११ मध्ये पायथॉनच्या त्रुटी-नोंदवहीतल्या १२७३१ क्रमांकाच्या नोंदीत तुमच्यापुढे आलेली आहे.

पायथॉन स्वतःशीच विसंगत वागतो, हे आम्हाला सर्वांत खटकते. पायथॉन ३ मध्ये ‘जळगाव’ हे व्हेरिएबलचे नाव म्हणून चालते. भाषेचा पार्सर, म्हणजे कोड वाचणारा भाग, काना ओळखतो आणि नाव वैध ठरवतो. त्याच भाषेची प्रमाण लायब्ररी मात्र तेच नाव एक शब्द आहे असे मानत नाही.

तुकडे पडले तर निदान डोळ्यांना दिसतात. ‘\बी’ म्हणजे शब्दाची हद्द. तिची व्याख्या ‘\डब्ल्यू’वरच उभी असल्याने ती मराठीत उलटी चालते, आणि ते दिसतही नाही. ‘\बीधुळे\बी’ हा पॅटर्न घ्या. ‘धुळे शहर’ या मजकुरात तो काहीच शोधत नाही, कारण शेवटची मात्रा आणि पुढची रिकामी जागा ही दोन्ही त्याच्या लेखी शब्दाबाहेरची. दोघांमध्ये हद्द नाही. ‘धुळेकर’मध्ये मात्र तो जुळतो, कारण मात्रेनंतर ‘क’ आला आणि तिथे हद्द तयार झाली. जे हवे ते सापडत नाही, नको ते सापडते.

दुसरे उदाहरण ‘व’ या उभयान्वयी अव्ययाचे. सातबाऱ्यावरच्या खातेदारांची नावे किंवा गावांच्या जोड्या ‘व’वर तोडणे हे इथले रोजचे काम. ‘जळगाव व भुसावळ’ हा मजकूर दोन्ही बाजूंना ‘\बी’ लावलेल्या ‘व’वर, आजूबाजूच्या रिकाम्या जागा गिळत तोडला, तर दोनऐवजी तीन तुकडे हाती येतात: ‘जळगा’, रिकामा तुकडा आणि ‘भुसावळ’. काना शब्दाबाहेरचा ठरल्याने ‘जळगाव’चा शेवटचा ‘व’ एकटा पडतो आणि ‘आणि’ या अर्थाचा ठरतो. चाळीसगाव, भडगाव, धरणगाव, धडगाव, सगळ्यांची हीच गत. खान्देशात ‘गाव’ने संपणारी नावे किती आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको.

आणि सर्वांत मोठे नुकसान एका साध्या ओळीने होते. मजकूर साफ करताना शब्दातली चिन्हे आणि रिकाम्या जागा सोडून बाकी सर्व काढून टाकायची, ही ओळ पायथॉनच्या असंख्य धड्यांत शिकवली जाते. इंग्रजीत तिच्याने विरामचिन्हे जातात. मराठीत काना-मात्रा-वेलांट्या जातात. ‘पाणी’चे ‘पण’ होते, ‘भरीत’चे ‘भरत’, ‘तापी’चे ‘तप’, ‘शेव’चे ‘शव’. एरर येत नाही, इशारा येत नाही. उरलेले शब्दही खरे शब्दच असतात, त्यामुळे नजर टाकणाऱ्यालाही शंका येत नाही. जमिनीच्या नोंदींत ‘केळी’ हे पीक, ‘काळी’ ही माती आणि ‘कूळ’ हा हक्क. या ओळीनंतर तिन्हींचा ‘कळ’ होतो आणि पुन्हा वेगळे करायला काही साधन उरत नाही. अहिराणीसारख्या बोलीचा शब्दसंग्रह कोणी याच ओळीने सुरू केला तर ‘मन्हा’ या शब्दाचा ‘मनह’ होतो, आणि जिथे मोठा प्रमाणित शब्दकोश हाताशी नाही तिथे चूक पकडणार कोण?

यावर लोक पळवाटा काढतात, आणि त्याही सदोष आहेत. ‘अ’पासून ‘ह’पर्यंतचा पट्टा धरला तर मात्रा सुटतातच, ‘ॲ’ही सुटतो, कारण तो यू+०९७२ या युनिकोड क्रमांकावर, म्हणजे ‘ह’च्या बराच पुढे आहे. यू+०९०० ते यू+०९७एफ हा पूर्ण देवनागरी पट्टा धरला तर दंड आणि देवनागरी अंकही शब्दात शिरतात, आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह बाहेर राहते, कारण ते यू+२००डी वर, पार दुसऱ्या ठिकाणी आहे. हे जोडचिन्ह मराठीला लागते. ‘वाऱ्याने केळीचे नुकसान’ यातला चंद्रकोरीसारखा ‘र’ दोन तऱ्हांनी टंकला जातो: नुक्त्याच्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण ‘र’ आणि सुटा नुक्ता जोडून ‘ऱ’ करते, पण जोडचिन्हाच्या रूपाला हात लावत नाही. ते बदलणे वेगळे करावे लागते. एवढे सगळे बारकावे प्रत्येक प्रोग्रामरने स्वतः सांभाळावेत ही अपेक्षा चुकीची आहे. ते काम इंजिनाचे.

म्हणून आमची मागणी अशी: पायथॉनच्या प्रमाण लायब्ररीत नवे रेग्युलर एक्स्प्रेशन इंजिन घ्यावे, आणि ते निवडताना अचूकपणाला वेगाच्या आधी स्थान द्यावे.

सध्याचे इंजिन फ्रेड्रिक लुंड यांनी २००० च्या सुमारास लिहिले आणि त्याने भाषेची दोन दशके सेवा केली. त्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. त्याची जागा घेऊ शकेल असे इंजिन पुढे आणायचा प्रस्ताव २००८ मध्ये उघडलेल्या २६३६ क्रमांकाच्या नोंदीत मांडला गेला आहे. मॅथ्यू बार्नेट यांचे ‘रेजेक्स’ हे पॅकेज आज वेगळे उतरवून घेता येते. त्यात युनिकोडचे गुणधर्म ‘\पी’ने विचारता येतात, डोळ्यांना दिसणारे एक अक्षर ‘\एक्स’ने पकडता येते, शोधाला वेळेची मर्यादा घालता येते, आणि जुने वागणे व नवे वागणे यांसाठी दोन स्वतंत्र आवृत्ती-खुणा (फ्लॅग) आहेत. हे सगळे घडवून, वापरून झालेले आहे. अडचण आम्ही समजतो: सी भाषेतला एवढा मोठा कोड एकदा प्रमाण लायब्ररीत आला की तो पुढची अनेक वर्षे कोणीतरी सांभाळायचा. म्हणून हेच पॅकेज जसेच्या तसे घ्या असा आमचा आग्रह नाही. इंजिन कोणतेही असो, खालच्या गोष्टी त्यात हव्यात.

एक म्हणजे वेळेची हमी. सध्याचे इंजिन मागे फिरून नवी वाट धरणाऱ्या पद्धतीचे आहे. देवनागरी अक्षरे एक किंवा अधिक, त्यामागे असलीच तर एक रिकामी जागा, आणि हा सगळा गट एक किंवा अधिक वेळा, थेट ओळीच्या शेवटापर्यंत: नावाची रकाना-तपासणी करताना असा पॅटर्न सर्रास लिहिला जातो. ‘मुक्ताईनगरवासीयांसाठी’ हा शब्द डोळ्यांना ११ अक्षरांचा दिसतो. कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने वेगळा क्रमांक दिलेली चिन्हे, मात्र २१ आहेत. त्यापुढे एक स्वल्पविराम आला की जुळणी फसते, आणि फसली हे ठरवण्याआधी इंजिन या २१ कोडपॉइंटांचे गट पाडण्याच्या सगळ्या तऱ्हा तपासते: १०,४८,५७६. एक कोडपॉइंट वाढला की आकडा दुप्पट; ३० ला तो ५३,६८,७०,९१२ होतो. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात असल्याने मराठी शब्द या कड्यावर इंग्रजीपेक्षा लवकर पोचतो. त्यातही ‘आरई’ जुळणी करताना जागतिक कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याला, चालू देणारे) सोडत नाही, त्यामुळे नेहमीच्या पायथॉनमध्ये एका रकान्यातल्या एका स्वल्पविरामाने त्या प्रक्रियेतले सगळे थ्रेड थांबतात.

हा धोका कागदावरचा नाही. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले, ते ओळीतल्या सुमारे २० हजार सलग रिकाम्या जागांमुळे. कडेच्या रिकाम्या जागा छाटणारा साधा पॅटर्न प्रत्येक जागेपासून नव्याने सुरुवात करत गेला आणि तपासण्या २० कोटींच्या घरात गेल्या. २ जुलै २०१९ रोजी असंख्य संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरची सेवाही एका पॅटर्नपायी कोलमडली.

उपाय नवा नाही. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मांडलेली पद्धत सर्व शक्य वाटा एकाच वेळी पुढे नेते, त्यामुळे एका शोधाला लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. गो भाषेचे इंजिन, गूगलची आरई२ ही लायब्ररी आणि रस्टची लायब्ररी याच वाटेची. तिची किंमतही आहे. आधी पकडलेला मजकूर पुन्हा जुळवणारा बॅकरेफरन्स तिथे चालत नाही, आणि गो, आरई२ व रस्टच्या प्रमुख लायब्ररीत पुढे-मागे डोकावणाऱ्या अटीही नाहीत. मोजलेल्या पुनरावृत्तीने स्मृती फुगते. आरई२ एका पुनरावृत्तीला १००० ची मर्यादा घालते. शिवाय हमी एका शोधापुरती आहे. मजकुरातले सगळे शोध एकामागून एक घेतले तर वाईट पॅटर्नवर एकूण वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात जाऊ शकतो, हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले बरे.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ७ ने मागे न फिरणारे इंजिन स्वतंत्र पर्याय म्हणून दिले आणि न चालणारा पॅटर्न आला की थेट एरर दिली. रुबी ३.२ ने जुन्याच इंजिनात आधीचे अपयश लक्षात ठेवायची सोय केली, आणि वेळेची मर्यादाही दिली. आम्हाला डॉटनेटची वाट पायथॉनच्या स्वभावाला जवळची वाटते. ज्याला हमी हवी त्याने ती खूण लावून मागावी, आणि हमी देता येत नसेल तर इंजिनाने गुपचूप जुन्या पद्धतीवर न जाता तसे सांगावे. बाकीच्या पॅटर्नना वेळमर्यादेचा पर्याय हवाच. ३.११ मध्ये आलेले अणुगट आणि मागे न सोडणारे क्वांटिफायर (एकदा जुळलेला भाग परत न सोडणाऱ्या खुणा) उपयोगी आहेत, पण ते ज्याला धोका आधीच माहीत आहे त्यालाच वाचवतात.

एक तांत्रिक अडथळा कोणी फारसा बोलून दाखवत नाही. आरई२ आणि रस्टची लायब्ररी यूटीएफ-८ वर, म्हणजे युनिकोड मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या एका पद्धतीवर, चालतात. पायथॉन ३.३ पासून मजकूर प्रति कोडपॉइंट १, २ किंवा ४ बाइटमध्ये ठेवतो. देवनागरी २ बाइटमध्ये बसते. ‘जळगाव’ला आत १० बाइट लागतात, यूटीएफ-८ मध्ये १५. बाहेरचे इंजिन जोडले तर प्रत्येक शोधाआधी मजकूर रूपांतरित करावा लागेल आणि सापडलेल्या जागा पुन्हा कोडपॉइंटमध्ये मोजाव्या लागतील. इंग्रजी मजकुराला हा खर्च जाणवणार नाही, कारण तिथे दोन्ही मोजमापे एकच. तो पडेल तो आमच्यासारख्यांवर. म्हणून वेगाच्या कसोट्या निव्वळ इंग्रजी मजकुरावर घेऊ नयेत, आणि इंजिन पायथॉनच्या स्वतःच्या मांडणीवर थेट चालावे.

‘\एक्स’ घेताना युनिकोडची आवृत्ती जाहीर करा. ‘साक्री’त ६ कोडपॉइंट आहेत. १५.१ च्या आधीच्या नियमांनी त्याचे तीन गट पडत: ‘सा’, ‘क्’, ‘री’. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर एकत्र धरले जाते आणि गट दोनच होतात. पावतीवरच्या ठरावीक रुंदीच्या रकान्यात नाव कुठे तोडायचे हे यावर ठरते. पायथॉन ३.१३ ची युनिकोड सारणी १५.१ ची आहे. नव्या इंजिनाने स्वतःची वेगळी सारणी न बाळगता तीच वापरावी.

बदल करताना काय मोडेल, याचीही जाणीव आहे. पीएचपी ७.३ पीसीआरई या जुन्या रेग्युलर एक्स्प्रेशन लायब्ररीवरून पीसीआरई२ वर गेले तेव्हा चौकटी कंसात ‘\डब्ल्यू’नंतर मधोमध मोकळी जोडरेषा लिहिलेले पॅटर्न, जे आधी चालत, ते अवैध ठरले. पायथॉन ३.७ मध्ये रिकाम्या (एकही चिन्ह नसलेल्या) जुळणीचे नियम बदलले तेव्हाही जुन्या कोडला झळ बसली होती. ‘\डब्ल्यू’ची व्याख्या एका रात्रीत बदलली तर ज्या तपासणीने आजवर मराठी नावे नाकारली ती उद्या स्वीकारील, आणि पुढची प्रणाली त्यासाठी तयार नसेल. म्हणून नवे इंजिन आधी वेगळ्या नावाने, ‘आरई’च्या शेजारी यावे. पुढच्या वार्षिक आवृत्तीत ‘आरई’ला एक खूण मिळावी, जिच्याने ‘\डब्ल्यू’ आणि ‘\बी’ मानकाप्रमाणे वागतील. त्यानंतर, तुमच्याच धोरणातल्या किमान दोन आवृत्त्यांच्या मुदतीत, जिथे दोन व्याख्यांचे उत्तर वेगळे येते तिथे इशारा मिळावा, आणि मगच ती खूण न लावताही तसेच वागणे सुरू व्हावे. फक्त आस्की (मूळ इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे) हवे असणाऱ्यांची सध्याची खूण आहे तशी राहू द्या.

‘\डी’ मात्र बदलू नका. आज तो देवनागरी अंक स्वीकारतो आणि ते योग्य आहे. पिनकोड ‘४२५००१’ असा टंकला तर ब्राउझरमधली जावास्क्रिप्टची तपासणी नाकारते आणि सर्व्हरवरचा पायथॉन स्वीकारतो, हा गोंधळ खरा. पण त्याचा उपाय रकान्यात आलेले अंक एका रूपात आणणे, इंजिनाला देवनागरी अंक विसरायला लावणे नव्हे.

या पत्राची प्रत खान्देशात पायथॉनवर काम करणाऱ्या सर्वांनाही आहे. तोवर त्यांनी ‘रेजेक्स’ पॅकेज वापरावे. मजकूर आत येतानाच एनएफसी करावा, जोडचिन्हाचा ‘र’ ‘ऱ’मध्ये बदलावा, आणि मगच पॅटर्न चालवावा, क्रम उलटला तर एकच नाव दोनदा नोंदले जाते. विरामचिन्हे काढायची तर ‘शब्द सोडून सगळे’ असे न लिहिता विरामचिन्हांचाच युनिकोड वर्ग मागावा. देवनागरी हवी तर लिपीचा गुणधर्म मागावा, पट्टा नको: दंड युनिकोडच्या लेखी सामाईक लिपीत आहे, त्यामुळे तो आपोआप बाहेर राहतो. आणि आधीच साफ करून ठेवलेल्या जुन्या फाइलींत ‘पण’, ‘भरत’, ‘कळ’ हे शब्द मोजून पाहावेत. ते नेहमीपेक्षा जास्त निघाले तर मूळ मजकुराकडे परत जाण्याला पर्याय नाही. गेलेल्या मात्रा कोणतेही इंजिन परत आणत नाही.

कौन्सिलने प्रस्ताव विचारात घेतला तर चाचण्यांत आमची भर तयार आहे: २५ तालुक्यांची नावे, प्रत्येकासमोर अपेक्षित शब्दसंख्या १, ‘धुळे’ आणि ‘धुळेकर’ यांची हद्दीची जोडी, ‘जळगाव व भुसावळ’चे दोनच तुकडे, ‘वाऱ्याने’ची दोन्ही रूपे, ‘साक्री’चे दोन गट, आणि मागे न फिरणाऱ्या पर्यायासाठी स्वल्पविरामासह ‘मुक्ताईनगरवासीयांसाठी’, वाढत्या लांबीने, वेळ मोजत. या चाचण्या सध्याच्या ‘आरई’वर आधी चालवून पाहाव्यात आणि त्यांचे निकाल प्रस्तावातच छापावेत, ही विनंती.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले पायथॉन वापरणारे